आल्या पावली परत जाणारी हवा आणि आतच राहणारे कण

प्रश्न
लिहिणार: ग्लिसरीनचा_थेंब

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, पण हा प्रश्न वर्गातून नव्हे, घरातून आला आहे. गेल्या पावसाळ्यापासून माझ्या आईला दम्यासाठी इन्हेलर सुरू झाला. पहिले दोन महिने तिने तो चुकीच्या पद्धतीने घेतला, कारण जिथून तो आणला तिथे तो कसा वापरायचा हे कोणी करून दाखवलेच नाही. पंप दाबला की ती लगेच श्वास सोडून देत असे. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी तिला समोर बसवून सगळे करून घेतले. आधी पूर्ण श्वास सोडायचा, मग सावकाश आणि खोल श्वास घ्यायला सुरुवात करून पंप दाबायचा, आणि दहा आकडे मोजून होईपर्यंत श्वास रोखून धरायचा. घरी आल्यावर आईने मला विचारले, "दहा आकडे थांबले तरी शेवटी श्वास सोडायचाच आहे ना? मग हवेबरोबर आत गेलेले औषध हवेबरोबरच बाहेर येत नाही का?"

उत्तर सोपे असेल अशा समजुतीने मी बोलायला सुरुवात केली आणि अडकले. कारण दर वर्षी मी मुलांना एक प्रयोग दाखवते, आणि तो प्रयोग आईच्याच बाजूने साक्ष देतो. काचेच्या रुंद ग्लासात मधोमध एक जाड परीक्षानळी उभी धरायची, दोन्हींच्या मधल्या जागेत औषधाच्या दुकानात मिळणारे ग्लिसरीन भरायचे आणि सिरिंजने त्यात रंगीत ग्लिसरीनचा एक थेंब सोडायचा. परीक्षानळी सावकाश तीन फेरे फिरवली की थेंब ताणला जातो, त्याची फिकट पट्टी होते आणि शेवटी रंग पार विरघळला असे वाटते. मग तितक्याच सावकाश तीन फेरे उलटे फिरवले की तो थेंब, कडा किंचित धूसर झालेला, पुन्हा आपल्या जागी येऊन उभा राहतो. मुले दर वर्षी टाळ्या वाजवतात. हा प्रयोग मुळात जी. आय. टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. द्रवाचा चिकटपणा जडत्वावर पूर्ण मात करतो तेव्हा प्रवाह उलटा केला की प्रत्येक बिंदू आल्या पावली परत जातो, हे त्यातून दिसते.

आता फुप्फुसातील अगदी शेवटच्या, अर्ध्या मिलिमीटरच्या नळ्यांत हवेचा प्रवाहही याच जातीचा असतो असे मी वाचले आहे. श्वास आत, श्वास बाहेर, पुन्हा आत. प्रवाह केवळ झोके घेत असेल आणि प्रत्येक झोका मागच्या झोक्याला पुसून टाकत असेल, तर औषधाचा कण आत राहतो कसा? आणि दहा आकडे थांबण्याने नेमके काय साधते? जाणकारांनी समजावून सांगावे, ही विनंती.


उत्तर
लिहिणार: तिठा

मी गेली काही वर्षे हवेतील सूक्ष्म कणांच्या वहनावर काम करतो. आपल्या आईंचा प्रश्न या विषयाच्या मुळाशी जाणारा आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

प्रथम वाट कशी आहे ते पाहू. एवाल्ड वाइबेल यांनी १९६३ साली माणसाच्या फुप्फुसाचे जे मोजमाप मांडले, ते आजही आकडेमोडीचा आधार म्हणून वापरले जाते. त्यात मुख्य श्वासनलिकेपासून सुरुवात करून प्रत्येक नळीला दोन फाटे फुटतात, आणि असे तिठे एकामागून एक २३ वेळा येतात. मुख्य नलिकेचा व्यास सुमारे १८ मिलिमीटर असतो. फाट्यांच्या प्रत्येक टप्प्याला पिढी म्हणतात. सोळाव्या पिढीपर्यंत व्यास सुमारे ०.६ मिलिमीटरवर येतो, पण तोवर नळ्यांची संख्या ६५,५३६ झालेली असते. त्यापुढच्या नळ्यांच्या भिंतींना वायुकोश फुटू लागतात, आणि तेविसाव्या पिढीत नळ्या ८० लाखांहून अधिक होतात. नळी अरुंद होत जाते, पण सगळ्या नळ्यांचे मिळून क्षेत्रफळ मात्र अफाट वाढते: वर अडीच चौरस सेंटिमीटर, सोळाव्या पिढीत १८० च्या आसपास, आणि शेवटी सुमारे १२ हजार चौरस सेंटिमीटर.

याचा परिणाम वेगावर होतो. शांत बसलेला माणूस दोन सेकंदांत अर्धा लिटर हवा आत घेतो असे धरले, तर श्वासनलिकेत हवा सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाने धावते, सोळाव्या पिढीत सेकंदाला दीड सेंटिमीटरहूनही कमी वेगाने सरकते, आणि शेवटच्या नळ्यांत तिचा वेग सेकंदाला जेमतेम ०.२ मिलिमीटर उरतो. रेनॉल्ड्स अंक, म्हणजे चिकटपणाच्या तुलनेत जडत्व किती पट आहे हे सांगणारा आकडा, वर हजाराच्या घरात असतो. सोळाव्या पिढीत तो सुमारे ०.५ वर येतो आणि पुढे झपाट्याने घटतो. म्हणजे आपण वाचलेले बरोबर आहे. खालच्या नळ्यांतील हवा आपल्या ग्लिसरीनसारखीच वागते.

परंतु आपल्या प्रयोगातील थेंब ग्लिसरीनमध्येच मिसळलेला होता. तो द्रवाचाच भाग होता. औषधाचा कण हवेचा भाग नाही. हवा त्याला वाहून नेते, पण तो तिचे सगळेच ऐकत नाही. त्याची तीन कारणे आहेत आणि ती वाटेच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर महत्त्वाची ठरतात.

घशात आणि पहिल्या काही तिठ्यांवर कारण असते जडत्व. हवा वळते, जड कण सरळ जातो आणि दोन फाट्यांच्या मधल्या कंगोऱ्यावर आदळून चिकटतो. पाच मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण प्रामुख्याने असेच अडकतात, आणि औषधाचा मोठा वाटा घशातच वाया जातो तो याच कारणाने. पंपातून फवारा फार वेगाने सुटतो. श्वासही जोराचा असेल तर नुकसान दुप्पट. म्हणून पंपाच्या इन्हेलरबरोबर श्वास सावकाश घ्यायला सांगतात आणि पंप व तोंड यांच्यामध्ये स्पेसर, म्हणजे एक पोकळ नळकांडे, लावायला देतात.

खाली, जिथे हवा जवळजवळ थांबलेली असते, तिथे कारण असते गुरुत्वाकर्षण, आणि मला वाटते आपल्या आईंच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथेच आहे. पाण्याइतक्या घनतेचा तीन मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ०.२८ मिलिमीटर खाली बसतो. हा आकडा वरच्या ०.२ मिलिमीटरच्या शेजारी ठेवून पाहा. शेवटच्या नळ्यांत हवा कणाला जितक्या वेगाने पुढे नेते, त्याहून अधिक वेगाने तो स्वतःच्या वजनाने खाली येत असतो. वायुकोशाची रुंदी सुमारे ०.२ ते ०.३ मिलिमीटर असते. दहा सेकंदांत हा कण २.८ मिलिमीटर उतरेल, म्हणजे भिंत गाठायला लागते त्याच्या कितीतरी पट अधिक. एक मायक्रॉनचा कण मात्र दहा सेकंदांत ०.३५ मिलिमीटरच उतरतो, म्हणजे त्याला भिंत गाठायला जेमतेम तेवढाच वेळ पुरतो. या जेमतेम बसणाऱ्या कणांसाठीच दहा आकड्यांचा खरा उपयोग आहे. पाच आकडे मोजून श्वास सोडला तर त्यांतील बरेचसे अजून अधांतरी असतात आणि हवेबरोबर बाहेर येतात. तेवढ्यापुरती आईंची शंका अगदी रास्त आहे.

तिसरे कारण म्हणजे विसरण, हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी कणाचे इकडेतिकडे भरकटणे. ऑक्सिजनचा रेणू हवेत एका सेकंदात सुमारे सहा मिलिमीटर भरकटतो, म्हणून शेवटच्या टप्प्यावर त्याला प्रवाहाची फारशी गरजच उरत नाही. एक मायक्रॉनचा कण तेवढ्याच वेळात सुमारे सात मायक्रॉन भरकटतो. फरक जवळजवळ हजार पटींचा आहे. अर्धा मायक्रॉनच्या आसपासचे कण सर्वांत अडचणीचे. ते आदळण्याइतके जड नसतात, बसण्याइतकेही नसतात आणि भरकटण्याइतके हलकेही नसतात. त्यांचे आत राहण्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. औषधाचे कण एक ते पाच मायक्रॉनच्या दरम्यान ठेवण्याची धडपड यासाठीच असते.


उत्तर
लिहिणार: नवजात_कक्ष

मी नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात काम करते. तिठा यांचे विवेचन उत्तम आहे, पण "प्रत्येक झोका मागच्या झोक्याला पुसून टाकतो" या प्रश्नकर्तीच्या वाक्यावर मला थोडे बोलायचे आहे, कारण आमच्याकडे रोज त्याच्या उलट घडताना दिसते.

खूप लवकर जन्मलेल्या बाळांना कधीकधी उच्च वारंवारतेच्या व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. हे यंत्र सेकंदाला साधारण १० ते १५ झोके देते. बाळाची छाती उठताना-बसताना दिसत नाही, ती थरथरते. एक किलोच्या बाळाला एका झोक्यात मिळणारी हवा दोन मिलिलिटरच्या आसपास असते, आणि नळी धरून वरच्या वाटेतच जवळजवळ तेवढी किंवा त्याहून अधिक हवा मावते. साध्या हिशेबाने ताजी हवा वायुकोशापर्यंत पोहोचताच कामा नये. तरीही रक्तातील कार्बन डायऑक्साइड खाली येतो, आणि झोका थोडा मोठा केला की लगेच आणखी उतरतो. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मी यंत्राच्या पडद्याकडे नव्हे, बाळाच्या बोटांच्या रंगाकडे बघत राहिले होते.

याचा पहिला धागा फार जुना आहे. यँडेल हेंडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१५ साली काचेच्या नळीत तंबाखूचा धूर हलकेच फुंकून पाहिला. धूर बुचासारखा सपाट तोंडाने पुढे सरकत नाही. त्याचे मधले टोक भाल्यासारखे लांबवर जाते आणि कडेचा धूर मागेच राहतो. म्हणजे नळीच्या आकारमानापेक्षा कमी हवा आत ढकलली, तरी तिचे टोक पलीकडे पोहोचलेले असते. ग्लिसरीनचा प्रयोग ज्यांच्यामुळे प्रसिद्ध झाला त्याच टेलर यांनी १९५३ साली याच्या पुढची पायरी गणिताने मांडली. असा भाला ताणला गेला की त्याच्या कडेने आडवे विसरण होते, आणि परत येताना पूर्वीचा आकार मिळत नाही. प्रवाह उलटतो, विसरण उलटत नाही.

शिवाय तिठ्यावर जाण्याचा आणि येण्याचा प्रवाह सारखा नसतो. आत जाताना एक प्रवाह दुभंगतो, बाहेर येताना दोन प्रवाह एकत्र येतात, आणि जिथे जडत्व शिल्लक आहे तिथे या दोन्हींत हवेच्या वेगाची वाटणी वेगळी होते. हॅसेल्टन आणि शेरर यांनी १९८० साली दाखवले, की यामुळे प्रत्येक झोक्यानंतर मधली हवा थोडी आत आणि कडेची हवा थोडी बाहेर सरकलेली राहते. एकूण हवा तेवढीच आली आणि गेली, पण तिच्यात काय काय होते त्याची जागा बदलली.

आईंच्या औषधाबद्दल एवढेच, की त्यात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायला विसरू नये. घशात अडकलेला वाटा तिथे राहू देऊ नये. भुकटीच्या इन्हेलरला सावकाश नव्हे, जोराचा श्वास लागतो, कारण भुकटी फोडण्याचे काम तो श्वासच करतो. त्यामुळे इन्हेलर बदलला तर पद्धतही डॉक्टरांकडून नव्याने शिकून घ्यावी.


उत्तर
लिहिणार: ग्लिसरीनचा_थेंब

दोघांचेही मनापासून आभार. तिठा यांचे उत्तर वाचून मी काल संध्याकाळी तोच प्रयोग पुन्हा मांडला, पण या वेळी रंगीत थेंबाशेजारी चाळून घेतलेल्या वाळूचा, साधारण अर्ध्या मिलिमीटरचा एक कणही सोडला. ग्लासाच्या बाहेरून एक उभी रेघ मार्करने ओढून ठेवली होती. तीन फेरे सुलट आणि तीन उलट, मिळून जवळजवळ एक मिनिट लागले.

थेंब नेहमीप्रमाणे परत आला. वाळूचा कणही त्या उभ्या रेघेवर परत आला, भिंतीपासूनचे अंतरही तेवढेच, पण थेंबाच्या पाऊण सेंटिमीटर खाली. मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसले. प्रवाहाने जे केले ते सगळे प्रवाहाने परत घेतले होते. गुरुत्वाकर्षणाने केलेले मात्र तसेच राहिले होते, कारण परीक्षानळी उलटी फिरवली तरी खालची बाजू काही वर होत नाही.

यातून एक नवी शंका आली. माझ्या ग्लासात कण नेमका थेंबाच्या खालीच सापडला, कारण तिथे सगळ्या उंचीवर प्रवाह सारखाच आहे. फुप्फुसात तसे नसणार. कण थोडासा खाली सरकला आणि त्यामुळे त्याची प्रवाहरेषाच बदलली, तर परतीच्या वाटेवर त्याचे काय होते?


उत्तर
लिहिणार: तिठा

आपण नेमके बोट ठेवलेत. प्रत्येक तिठ्यावर एक अदृश्य सीमा असते. तिच्या एका बाजूची हवा डाव्या फाट्यात जाते, दुसऱ्या बाजूची उजव्या. आत जाताना सीमेच्या किंचित वर असलेला कण श्वास रोखला असताना काही मायक्रॉन खाली आला, तरी परतीच्या झोक्यात तो वेगळ्या प्रवाहरेषेवर बसतो. मग तो मूळ जागेच्या मागे राहील किंवा पुढे जाईल, आणि पुढच्या श्वासात तर तो शेजारच्या फाट्यातही शिरू शकेल. गुरुत्वाकर्षणाने दिलेली चूक अगदी लहान असते, पण वाटेतील तिठे तिला मोठी करतात. आपला ग्लास तेवढा दयाळू आहे. त्यात तिठे नाहीत.


उत्तर
लिहिणार: सूक्ष्मनलिका

उशिरा लिहीत आहे, पण या चर्चेत वायुकोशांच्या हालचालीचा उल्लेख राहून गेला आहे आणि तो माझ्या मते फार महत्त्वाचा आहे.

आतापर्यंत आपण नळ्यांच्या भिंती स्थिर धरल्या. प्रत्यक्षात शेवटच्या नळ्यांना लागून वायुकोशांचे खळगे असतात, आणि श्वासागणिक ते फुगतात व आक्रसतात. नळीतील हवा खळग्याच्या तोंडावरून जाताना खळग्यात एक मंद भोवरा फिरवते, आणि त्याच वेळी फुगणारी भिंत हवा आत ओढते. या दोन हालचाली एकमेकींच्या पावलाशी तंतोतंत जुळलेल्या नसल्या, तर हवेचा एखादा इवलासा गोळा आल्या पावली परत जातोच असे नाही. अकिरा त्सुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली हे गणिताने दाखवले, आणि २००२ साली उंदरांच्या फुप्फुसात प्रत्यक्ष पाहिले. त्यांनी पांढरा आणि निळा असे दोन घट्ट होणारे द्रव वापरले. एक आधी भरला, दुसऱ्याने श्वास दिला, आणि द्रव आळल्यावर फुप्फुसाचे काप घेतले. कापांत दोन्ही रंगांचे बारीक बारीक पदर एकमेकांत गुंतलेले दिसले, आणि श्वासांची संख्या थोडीशी वाढवली की पदर ओळखता येईनासे झाले.

हे समजायला आपल्याकडे घडीच्या पोळीइतके चांगले उदाहरण नाही. लाटली, तेल लावले, घडी घातली, पुन्हा लाटली. तेलाचा थेंब एकच होता, पण चार-सहा वेळा ताणून आणि घडी घालून तो सगळ्या पोळीभर पदरापदरांत पसरतो, आणि तेच लाटणे उलटे फिरवून तो एकत्र आणता येत नाही. वायुकोशांतील हवेचे तसेच होते. पदर पुरेसे पातळ झाले, की सेकंदाला सात मायक्रॉन एवढे तुटपुंजे विसरणही पदर ओलांडायला पुरते.

तिठा म्हणतील की तीन मायक्रॉनच्या कणाला याची गरज नाही, आणि ते खरे आहे. तो तसाही बसणारच. पण एक मायक्रॉनच्या खालच्या कणांबाबत मला गुरुत्वाकर्षणाचा हिशेब अपुरा वाटतो. १९९० च्या दशकात डार्केन आणि प्रिस्क यांच्या गटाने नासाच्या विमानात, उड्डाणाच्या वक्रामुळे काही सेकंद वजनरहित अवस्था मिळते तेवढ्यात, माणसांना अर्धा ते तीन मायक्रॉनचे कण हुंगवून मोजमापे घेतली. वजन नाहीसे झाल्यावर आत राहणाऱ्या कणांचे प्रमाण घटले, हे अपेक्षितच होते. परंतु लहान कणांबाबत ते तेव्हाच्या गणिती प्रतिमानांनी सांगितले होते तितके घटले नाही. गुरुत्वाकर्षण नसतानाही काहीतरी त्यांना आत ठेवत होते. माझा कल त्या घड्यांकडे आहे.

ही गोष्ट औषधापुरती नाही. चुलीच्या धुरातील बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षा लहान असतात. त्यांतील बरेचसे पुढच्या श्वासात बाहेर जातात हे खरे, पण श्वास सोडल्यावरही फुप्फुसात अडीच-तीन लिटर हवा शिल्लक असते आणि घडीघडीने काही कण त्या शिल्लक हवेत मिसळून पुढच्या अनेक श्वासांसाठी तिथेच मुक्काम करतात. सकाळ-संध्याकाळ चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या बाबतीत प्रश्न एका श्वासाचा नसतो. तो हजारो श्वासांचा असतो.


उत्तर
लिहिणार: तिठा

सूक्ष्मनलिका यांच्याशी मी सहमत आहे, एका पुस्तीसह. घड्या घातल्या जाण्यासाठी कण आधी वायुकोशांच्या टप्प्यापर्यंत पोहोचावा लागतो, आणि अर्ध्या लिटरच्या श्वासातील पहिली हवाच तिथवर जाते. शेवटचे सुमारे १५० मिलिलिटर वरच्या नळ्यांतच राहून जसेच्या तसे परत येतात. म्हणून पंप श्वासाच्या सुरुवातीला दाबायचा, शेवटी नव्हे. आई पंप नेमका कधी दाबतात, हे एकदा पाहून घ्यावे.


उत्तर
लिहिणार: ग्लिसरीनचा_थेंब

आज सकाळी पाहिले. आई जवळजवळ पूर्ण श्वास घेऊन झाल्यावर पंप दाबत होती, आणि दहा आकडे इतक्या भरभर मोजत होती की घड्याळात सहाच सेकंद होत होते. तिला वाळूचा कण दाखवला, थेंब परत येताना दाखवला. आता तिने भिंतीवरचे सेकंदकाट्याचे घड्याळ पलंगासमोर लावून घेतले आहे, आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांना स्पेसरबद्दल स्वतःच विचारणार आहे.